राउटर कोठे ठेवावा?

राउटर लोखंडी कपाटावर किंवा पाण्याच्या टाकीशेजारी ठेवू नये. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. धातूचा पत्रा त्या परतवतो, पाणी शोषून घेते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी तर जाड भिंतीतच अधिक क्षीण होतात. म्हणून घराच्या मध्यावर, उंच, मोकळी जागा बरी.

वळवाचे ढग दाटताच अडॅप्टर काढावा. नुसते बटण बंद करून आकाशातली वीज अडत नाही! तांब्याची तार असल्यास तीही सोडवावी. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र हात लावू नये.

कराडजवळचे मलकापूर चोवीस तास पाण्याच्या योजनेमुळे नावाजले. तिथे नळाला मीटर असतो. आपल्या राउटरवर शेजारच्याने ‘नळी’ जोडली, तर कळणारही नाही. तेव्हा मूळचा परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदला.