उघड्यावरची टेबलं

हिरवळीवर टेबल मांडणं वाटतं तितकं सोपं नाही. ऑक्टोबरात गवताखालची माती ओलसर असते. तिच्यात लोखंडी पाय रुततात, आणि चारांपैकी एक पाय हमखास जास्त रुततो. मग पाण्याचा ग्लास कलतो, डाळीची वाटी सरकत कडेला येते. पुण्याच्या पश्चिम कडेला, महामार्गापासून थोडं आत असलेल्या एका गार्डन हॉटेलात हे काम मी जवळून पाहिलं. कॅप्टननं शहाबादी फरशीचे तुकडे मागवले होते. प्रत्येक पायाखाली एक तुकडा, तरीही डुगडुगलं तर वर घडी घातलेला पुठ्ठा. मग मीटर मीटरवर गाठी मारलेली सुतळी घेऊन दोन पोरं एका टेबलाच्या कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंत ताणत निघाली. गाठ बसली नाही की टेबल उचला. एक टेबल सरकलं की पुढची अख्खी रांग सरकायची, आणि शेवटचं टेबल कंपाउंडच्या जास्वंदीत जायचं. ते तिथून काढून मागच्या भिंतीला उलटं करून ठेवलं जायचं. तिथे उलट्या टेबलांची चळत वाढत गेली.

राज्यात 5 ऑक्टोबर 2020 पासून हॉटेलात बसून खायला परवानगी मिळाली, ती निम्म्या क्षमतेनं. मार्चच्या कोरोना टाळेबंदीपासून तोवर धंदा पार्सलवर होता. या हॉटेलाचा आतला एसी हॉल मालकानं परवानगी मिळूनही बंदच ठेवला. खुर्च्या बाहेर काढल्या, हॉलला कुलूप लावलं. घरात सत्तरीच्या पुढची आई असल्यानं माणूस धास्तावलेला होता आणि त्या धास्तीनंच त्यानं नेमका निर्णय घेतला, असं माझं मत आहे.

हा निर्णय किती उलटा होता, हे आपल्याकडची रीत आठवली की कळतं. कितीतरी हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर एसी आणि नॉन-एसी असे दोन रकाने असायचे. सरकारही तोच फरक मानायचं. जीएसटी लागू झाला तेव्हा नॉन-एसी हॉटेलाला 12 टक्के आणि एसीला 18 टक्के कर होता, नोव्हेंबर 2017 मध्ये दोन्हींना 5 टक्के झाला. पाहुण्यांना न्यायचं तर एसीत, आणि बाहेर बसायचं ते आत जागा नसली तर, ही आपली समजूत. ती त्या हंगामात पार फिरली. फोन वाजला की गल्ल्यावरचा मुलगा पलीकडचा प्रश्न ऐकायच्या आधीच सांगायचा, ‘हो साहेब, सगळं बाहेर आहे. आत कुणालाच बसवत नाही.’

हॉल बंद ठेवण्यामागचं शास्त्र तोवर समोर आलेलं होतं. 24 जानेवारी 2020 रोजी चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या एका रेस्टॉरंटात तीन कुटुंबं शेजारशेजारच्या टेबलांवर जेवली. त्यांतलं एक वुहानहून आलेलं. मजला एसीचा, इमारतीला खिडक्या नाहीत, टेबलांत साधारण मीटरभर अंतर. पुढे या तीन कुटुंबांतली मिळून दहा माणसं बाधित निघाली. त्याच मजल्यावर जेवलेली बाकीची 73 गिऱ्हाईकं आणि वाढणारे कर्मचारी मात्र सुटले. बाधित टेबलं एसीच्या एकाच झोतात येत होती, तीच तीच हवा त्यांच्यावरून फिरत होती. मीटरभर अंतर तिथेही होतं, त्यानं कुणाला वाचवलं नाही. जुलै 2020 मध्ये 239 शास्त्रज्ञांच्या पाठिंब्यानं एक आवाहन प्रसिद्ध झालं, की हा विषाणू हवेतून पसरतो हे आरोग्य यंत्रणांनी आता मान्य करावं. तरीही आपल्याकडे सगळा जोर पुसण्यावर राहिला. या हॉटेलातही प्रत्येक गिऱ्हाईक उठलं की टेबल, खुर्चीची पाठ आणि मेन्यूकार्डाचं प्लास्टिक हायपोक्लोराइटनं पुसलं जायचं. त्या वासापुढे आतल्या फोडणीचा वास हरायचा. पोरांच्या बोटांची सालं निघाली होती. त्यांचं खरं संरक्षण वरच्या मोकळ्या आकाशानं होत होतं.

पण मोकळ्या आकाशाखालच्या जेवणाचा भार पायांवर येतो. भटारखान्याची खिडकी इमारतीच्या मागच्या अंगाला. तिथून हॉलमधलं शेवटचं टेबल पंधरा-वीस पावलांवर होतं. आता हॉलला वळसा घालून, दोन पायऱ्या उतरून, गवतातली फरशीची वाट धरून, पार बोरीच्या झाडापर्यंत जायचं. तंदुरी रोटीचं गणित इथेच चुकतं. भट्टीतून निघालेली रोटी पहिल्या मिनिटाला खुसखुशीत असते, हवेवर चालत नेली की चिवट होते. पहिल्या दिवसांत गिऱ्हाइकांनी रोट्या परत पाठवल्या. वस्ताद भडकला. त्याची रोटी आयुष्यात कधी परत आली नव्हती. मग कॅप्टननं वाटेच्या मधोमध एक टेबल मांडलं. भटारखान्यातला पोरगा तिथवरच यायचा, पुढचा वाढपी तिथून उचलायचा. रोटी एका वेळी दोनच, फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात. डोसा मेन्यूतून गेला, सिझलर गेला, पापडसुद्धा मसाला घालायचा तो टेबलाशी येऊन. रश्श्याच्या भाज्या राहिल्या, कारण जाड बुडाच्या हंडीत त्या तग धरतात. साथीनं हॉटेलांचे मेन्यू आखडले त्याचं कारण सगळे खर्चकपात सांगतात. इथे ते कारण भटारखान्यापासून बोरीपर्यंतचं अंतर होतं.

ऑर्डर घेणंही अवघड झालं. मास्कमधून आवाज निघत नाही, महामार्गावर ट्रक चालू, आणि दोघांचेही ओठ झाकलेले. बोलणारा काय म्हणतो ते आपण किती डोळ्यांनी ऐकतो, हे त्या काळात उमगलं. मग गिऱ्हाईक काय करणार? मास्क हनुवटीवर ओढून मोठ्यानं सांगणार, ‘दादा, एक पनीर मसाला, तिखट कमी!’ आणि नेमका तेव्हा वेटर त्याच्याकडे वाकलेला असणार.

मला हे दृश्य सर्वांत जास्त बोचायचं. जेवायला आलेलं कुटुंब तासभर आपल्याच माणसांत बसतं. वेटर मात्र प्रत्येक टेबलाच्या मास्क नसलेल्या श्वासाशी जातो, पाच-सात मिनिटांनी पुन्हा जातो, असं रात्री बंद होईपर्यंत चालतं. बाहेरच्या हवेमुळे त्याचा धोका खूपच कमी झाला, हे खरं. पण गिऱ्हाइकाच्या मानानं तो धोका किती अधिक होता, याचा हिशेब कुठल्या नियमावलीत मला दिसला नाही.

ही मुलं होती तरी कुठली? दोघं नेपाळची, एक ओडिशाचा, भट्टीवरचा उत्तराखंडचा, भांडी घासणाऱ्या मावशी तेवढ्या जवळच्या वस्तीतल्या. 1 मे 2020 पासून श्रमिक रेल्वे सुटू लागल्या तेव्हा यांतले बहुतेक गेले होते. मालकानं सप्टेंबरात एकेकाला फोन करून तिकिटाचे पैसे धाडले. जे आले नाहीत त्यांची कामं आलेल्यांवर पडली. अंतर वाढलं, माणसं घटली, आणि टिप जवळपास संपली. नोटांना हात लावायला नको म्हणून बिलं फोनवरून भरली जाऊ लागली. पूर्वी बडीशेपेच्या वाटीखाली दहा-वीस-पन्नास रुपये ठेवून माणसं उठायची. फोनवरच्या बिलात वरची रक्कम टाकलीच तर ती मालकाच्या खात्यात जाते. हा मालक रोज रात्री ती वेगळी काढून वाटायचा, पण सगळीकडे तसं होत नव्हतं, हे त्याच्याच पोरांनी मला सांगितलं. त्यांचे मित्र आसपासच्या हॉटेलांत होते.

परतीचा पाऊस कसा असतो ते पुणेकरांना सांगायला नको. हॉटेलं उघडून दहा दिवसही झाले नव्हते आणि 14 ऑक्टोबरच्या रात्री शहरात रस्त्यांचे ओढे झाले. हिरवळीवरची टेबलं पाण्यात उभी, शहाबादीचे तुकडे चिखलात दडलेले. दुसऱ्या दिवशी मालकानं ताडपत्री आणवली आणि तिथे वाद पेटला. मालकाला वरून छप्पर आणि तिन्ही बाजूंनी पडदे हवे होते, म्हणजे झड आत येणार नाही. कॅप्टन अडून बसला. तो म्हणाला, ‘अण्णा, वरून घाला, बाजूनं नको. बाजूनं घातलं की परत खोलीच झाली, मग हॉलनं काय पाप केलं होतं?’ अण्णांनी ऐकलं. दोन बांबूंवर उतार देऊन ताडपत्री बांधली, बाजू मोकळ्या ठेवल्या, आणि झड आली की गिऱ्हाइकांनी खुर्च्या आत ओढाव्यात असं ठरलं.

हाच प्रश्न न्यूयॉर्कलाही पडला होता. त्या शहरानं 22 जून 2020 पासून रस्त्याच्या कडेच्या पार्किंगच्या जागा रेस्टॉरंटांना दिल्या. वाहन घुसू नये म्हणून टेबलांभोवती मातीनं किंवा वाळूनं भरलेले जाड अडथळे सक्तीचे केले. थंडी आली तशा त्या जागांवर लाकडी खोपटी उभी राहिली, त्यांना प्लास्टिकच्या भिंती आल्या. शेवटी नियम सांगावा लागला, की बाजूंचा निदान निम्मा भाग उघडा असेल तरच ते बाहेर बसणं, नाहीतर ते आत बसणंच. त्याआधी एप्रिलातच लिथुआनियाच्या विल्निअस शहराच्या महापौरांनी चौक आणि रस्ते कॅफेंना फुकट वापरायला दिले होते. आपल्याकडे हॉटेलाच्या दारापुढच्या मोकळ्या जागेत टेबलं दिसली की महापालिकेची गाडी येते. त्यामागे कारणं आहेत, फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे, तो तसाच राहावा. पण इमारतीच्या हद्दीतल्या मोकळ्या जागेबद्दल त्या दोन वर्षांपुरता तरी सरसकट वेगळा विचार व्हायला हवा होता.

याहून मोठी तक्रार वेळेबद्दल आहे. दुसऱ्या लाटेत, एप्रिल 2021 मध्ये, बसून खाणं पुन्हा बंद झालं. जूनमध्ये निर्बंधांचे पाच स्तर आले. तिसऱ्या स्तरात हॉटेलं निम्म्या क्षमतेनं, फक्त कामाच्या दिवशी आणि दुपारी चारपर्यंत. गार्डन हॉटेल दुपारी चारपर्यंत म्हणजे काय? दुपारी हिरवळीवर कुणी बसत नाही. ही हॉटेलं दिवे लागल्यावर जगतात. ज्यांच्याकडे सर्वांत मोकळी हवा होती त्यांनाच या वेळेचा सर्वांत जास्त फटका बसला, आणि एसी हॉलवाल्यांचा दुपारचा धंदा चालू राहिला. अण्णांच्या हॉटेलात दुपारची टेबलं बहुतेक रिकामीच राहायची.

ऑगस्टात सवलत वाढली. 15 ऑगस्टपासून राज्यात रात्री दहापर्यंत मुभा मिळाली. त्या आदेशात हवेचा विचार होता: एसी असला तर खिडकी उघडी आणि पंखा चालू हवा, स्वच्छतागृहात चांगला एक्झॉस्ट हवा. वाचून बरं वाटलं. लग्नांनाही उघड्या लॉनवर 200 आणि बंद कार्यालयात 100 अशी वेगळी मर्यादा दिली होती. हॉटेलं मात्र उघडी असोत की बंदिस्त, 50 टक्केच. लग्नाच्या पंगतीला जो फरक समजला तो हॉटेलच्या पंगतीला का नाही, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

त्याच आदेशात कर्मचाऱ्यांच्या लशीचे दोन्ही डोस पूर्ण हवे होते. अट योग्यच. पण राज्यात अठरा ते चव्वेचाळीस वयाचं सरकारी लसीकरण मेमध्ये तुटवड्यामुळे थांबलं होतं, ते जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झालं, आणि कोव्हिशील्डच्या दोन डोसांत 12 ते 16 आठवड्यांचं अंतर सक्तीचं होतं. जूनच्या शेवटी पहिला डोस घेतलेल्या पंचविशीतल्या वेटरचा दुसरा डोस सप्टेंबरच्या मध्याआधी होणंच शक्य नव्हतं. अट पाळायची तर अण्णांनी वाढायला कुणाला उभं करायचं होतं?

2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातले सगळे निर्बंध उठले. अण्णांचा एसी हॉल उघडला, डोसा मेन्यूत परतला, बोरीखालची टेबलं त्यांनी तशीच ठेवली. पुढच्या साथीचे आदेश लिहिणाऱ्यांनी टक्के आणि घड्याळ यांच्या आधी जागेला किती बाजू उघड्या आहेत ते विचारावं, आणि लशीच्या पहिल्या यादीत वाढप्यांना घ्यावं, एवढीच मागणी आहे. आपण गिऱ्हाइकांनी त्यासाठी थांबायचं कारण नाही. बाहेर बसून जेवलात तर ऑर्डर देताना एक वाक्य सावकाश बोला, आणि टिप रोख, वेटरच्या हातात द्या.