खांबावर कोणी चढायचे, हे कायद्याने ठरवलेले आहे

सेनगाव तालुक्यातले साखरा घ्या किंवा हिंगोली जिल्ह्यातले दुसरे कुठलेही गाव, रब्बीत डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, एक फेज गेला की हरभऱ्याचे पाणी थांबते. लाइनमनकडे अनेक गावे, तो असतो दुसऱ्याच टोकाला. मग हाक जाते गावातल्या ‘झिरो वायरमन’ला, म्हणजे बिनपरवाना वायरमनला, नाहीतर ग्रामपंचायतीच्या पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला. तो फ्यूज बांधतो, मोटारी सुरू होतात. वर्षानुवर्षे असेच होत आल्यामुळे यात बेकायदा काही नाही, असे सगळे धरून चालतात.

‘हाताला सवय आहे, मग कागद कशाला?’ हा पहिला गैरसमज. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम 2023 चे आहेत. त्याआधी 2010 चे होते आणि त्याही आधी 1956 चे भारतीय विद्युत नियम. या बाबतीत मूळ सूत्र तेच राहिले आहे: वायरिंग नवे असो, वाढीव असो की दुरुस्तीचे, ते परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि परमिट असलेल्या वायरमननेच करायचे. अनुभवाला मान जरूर द्यावा, पण परवान्याची जागा तो घेत नाही.

सूट आहे, पण थोडी. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच किंवा 250 व्होल्टपर्यंतचे घरगुती उपकरण जसेच्या तसे बदलायला परमिट लागत नाही. अट एकच, जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. म्हणजे शाळेच्या शिपायाने जळालेली ट्यूब बदलली तर हरकत नाही. मात्र एमसीबी सारखा पडतो म्हणून 16 अँपिअरच्या जागी 32 चा बसवला, की तो सुटीच्या बाहेर गेला. फ्यूजमध्ये जाड तार घालणेही त्यातच आले. भार वाढला की आधी तुटायला हवी ती फ्यूजची बारीक तार. ती जाड केली की तुटत नाही आणि भिंतीतली वायर तापून जळते. नळयोजनेच्या पंपघरातले तीन फेजचे स्टार्टर आणि केबल तर या सुटीत मुळीच बसत नाहीत.

‘पोरगा आयटीआय झालाय’, हेही पुरेसे नाही. वीजतंत्री किंवा तारतंत्रीचे प्रमाणपत्र ही शैक्षणिक पात्रता झाली. परमिट वेगळे आणि ठेकेदाराचा परवाना त्याहून वेगळा. शिवाय परमिट असले तरी महावितरणच्या खांबावर किंवा डीपीवर हात घालण्याचा हक्क मिळत नाही. तिथे कंपनीने नेमलेल्या, अधिकार दिलेल्या माणसानेच काम करायचे. रस्त्यावरचा दिवा ग्रामपंचायतीचा असला तरी तो त्याच खांबावर, चालू तारांच्या शेजारी असतो. घरातला बल्ब बदलण्याची सूट इथे लावता येत नाही.

सगळ्यात जास्त जीव घेणारा गैरसमज म्हणजे ‘फ्यूज काढले, आता लाइन बंद आहे’. डीपीच्या पेटीतले किटकॅट फ्यूज काढले तरी वरच्या बाजूला 11,000 व्होल्ट तसेच राहतात. लाइन तोडणाऱ्या एबी स्विचचा दांडा ओढला तरी एखादे पाते चिकटून राहू शकते. कुणाच्या घरचा जनरेटर चुकीचा जोडलेला असेल, तर बंद तारेत खालूनही वीज येते. म्हणूनच लाइनमनने आधी उपकेंद्राकडून लाइन बंद ठेवून काम करण्याचे ‘परमिट’ घ्यायचे, लाइन बंद असल्याची तपासणी करायची, डिस्चार्ज रॉडने तारा अर्थ करायच्या आणि मगच वर जायचे. गावात फोनवर ‘लाइन बंद केली का रे?’ एवढे विचारून चढणाऱ्याच्या पाठीशी यातले काहीच नसते. कोरडी काठी आणि रबरी चप्पल अकरा हजार व्होल्टला थोपवू शकत नाही.

‘चढला तो, जबाबदार तोच’, असेही म्हटले जाते, पण कायदा तसे मानत नाही. विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 161 नुसार विजेचा अपघात कळवावा लागतो आणि विद्युत निरीक्षकामार्फत त्याची चौकशी होऊ शकते. या अधिनियमाखालच्या आदेशांचे पालन न केल्यास कलम 146 खाली कारवाई होऊ शकते. तोडलेली जोडणी परवानगीशिवाय परत जोडली तर कलम 138 लागते. आणि सुरक्षेचे विनियम फक्त काम करणाऱ्याला नाहीत, जागेच्या मालकाला आणि वीज ग्राहकालाही बांधतात. पंपघर ग्रामपंचायतीचे असेल, तर तिथे बिनपरवाना माणसाला कामाला लावणाऱ्या पदाधिकाऱ्याला ‘मला माहीत नव्हते’ म्हणून सुटता येणार नाही. माझ्या मते खरा दोष त्याचाच. पाणी सोडणारा गरीब माणूस ‘नाही’ म्हणू शकत नाही, हे सांगणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

माणसे कमी आहेत, ही तक्रार खरी आहे. 2016 मध्ये राज्य सरकारने छोट्या गावांसाठी आयटीआय झालेले ग्राम विद्युत व्यवस्थापक नेमण्याचा निर्णय घेतला, तो याच अडचणीतून. आपल्या गावात असा माणूस आहे का, हे ग्रामसभेत विचारा. फेज गेला तर 1912 वर तक्रार करून तिचा क्रमांक लिहून ठेवा, पंपघराचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून लेखी घ्या, आणि लाइनमन येईपर्यंत एक पाणीपाळी चुकली तरी कुणाच्या पोराला खांबावर चढवू नका.