अश्मीभूत काष्ठ आणि त्याच्या स्थानाची साक्ष

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या ईशान्य भागात ‘पेट्रिफाइड फॉरेस्ट’ नावाचा एक ओसाड प्रदेश आहे. १९०६ मध्ये त्यास संरक्षित राष्ट्रीय स्मारकाचा आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्यातील सुमारे ५०,००० एकर भूमी १९७० मध्ये रानभूमी म्हणून कायद्याने राखून ठेवण्यात आली. तेथे रस्ते नाहीत. संशोधकास पायीच संचार करावा लागतो.

हा प्रदेश उत्खातभूमीचा उत्तम नमुना होय. ट्रायासिक काळातील ‘चिनली’ शैलसमूहाच्या मृत्तिकेत ज्वालामुखी राखेपासून झालेले बेंटोनाइट आहे. ते पाण्याने फुगते व वाळताच तडकते. त्यामुळे वनस्पतींची मुळे टिकत नाहीत आणि पावसाच्या तुरळक सरींनीही टेकड्या झपाट्याने झिजतात. या झिजेतूनच अश्मीभूत ओंडके उघडे पडतात.

सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वी येथे नद्यांची सखल मैदाने होती. पडलेली झाडे गाळाखाली त्वरित गाडली गेल्याने ती कुजण्याची क्रिया मंदावली. राखेतील सिलिका भूजलात विरघळली व काष्ठात स्फटिकरूपाने साचली. लोहाच्या अंशामुळे त्यास तांबडा व पिवळा रंग आला. पुढे भूमी उचलली गेली, तेव्हा हे ठिसूळ ओंडके करवतीने कापल्यासारखे आडवे भंगले.

‘वन’ हे नाव मात्र फसवे आहे. बहुतेक ओंडके आडवे पडलेले असून त्यांना फांद्या व साल नाही. अर्थात ते प्रवाहाबरोबर वाहत आले. काही थोडे बुंधेच मूळ जागी उभे आढळतात. हा भेद ओंडक्याच्या स्थितीवरूनच कळतो, सुट्या तुकड्यावरून नव्हे.

या काष्ठाच्या बहुतेक नमुन्यांस शतकाहून अधिक काळ ‘अरॉकॅरिऑक्झायलॉन ॲरिझोनिकम’ हे एकच नाव दिले जात असे. २००७ मध्ये मूळ नमुन्यांच्या पुनर्परीक्षणातून त्यात एकाहून अधिक वृक्षप्रकार असल्याचे दिसून आले. म्हणजे जुने नमुनेही पुन्हा बोलू शकतात. परंतु ते कोठून व कोणत्या स्तरातून आले याची नोंद असेल, तरच त्यांच्या बोलण्यास पूर्ण अर्थ येतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जांभळ्या स्फटिकांसाठी ओंडके सुरुंगाने फोडले गेले. पुढील काळात प्रवाशांनी तुकडे उचलून नेले. त्यांतील काही पश्चात्तापाने टपालाद्वारे परत येतात. पण मूळ जागा अज्ञात असल्याने त्यांना पुन्हा रानात ठेवता येत नाही. उद्यानाने त्यांचा वेगळा ढीग केला आहे. त्यांतील दगड शाबूत आहे. नष्ट झाला आहे तो त्याचा पुरावा.