हत्यार ओळखण्याआधी दगड ओळखा

प्रवराकाठचे नेवासे म्हटले की आपल्याला ज्ञानेश्वरी आठवते, पैसाचा खांब आठवतो. त्याच गावाभोवती नदीच्या वाळूगोट्यांच्या थरांत त्याहून कितीतरी जुन्या माणसाच्या खुणा आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ पासून येथे उत्खनन केले. पुढे साठच्या दशकात गुडरून कोर्विनस यांनी जवळच्या चिर्की नाल्यावर हातकुऱ्हाडी आणि फरशा उजेडात आणल्या. अशी वस्तू हाती आली की आपण लगेच विचारतो, ‘किती वर्षांची?’ अभ्यासक मात्र आधी पाहतो, दगड कोणता?

नेवाशाची हातकुऱ्हाड तळहातावर घेतली, तर तिचा वजनदारपणा आधी जाणवतो. रंग मळकट करडा किंवा तपकिरी दिसतो, पण त्यावर विसंबू नये. ऊनपावसाने आणि मातीतल्या पाण्याने दगडावर झिजेची साल चढलेली असते. कुठे टवका उडाला असेल तर आत खरा काळसर रंग दिसतो. भिंग लावून कण पाहावेत. कण इतके बारीक की वेगळे दिसतच नाहीत, तर बहुधा बसाल्ट. पांढुरक्या फेल्डस्पारच्या बारीक काड्या ओळखू येत असतील, तर डोलेराइट. बसाल्टच्या थरांना चिरत गेलेल्या उभ्या भिंतींसारख्या पट्ट्यांत, म्हणजे डाइकमध्ये, हा दगड सापडतो. तो घट्ट आणि चिवट असल्याने मोठ्या हत्याराला सोयीचा.

नेवाशाच्याच वरच्या, म्हणजे नंतरच्या थरांत हत्यारे लहान होतात आणि दगडही बदलतो. आता चर्ट, जास्पर, अकीक, कॅल्सेडनी दिसू लागतात. ही सारी सिलिकाचीच भावंडे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. थिजताना त्यात वायूच्या बुडबुड्यांची पोकळी राहिली. तिच्यात सिलिकायुक्त पाणी झिरपून गारगोट्या तयार झाल्या. खडक झिजला, गोटे सुटले आणि नद्यांनी ते वाहून आणले.

या भावंडांना वेगळे करायला दिव्याचा उजेड पुरतो. पातळ कड उजेडासमोर धरावी. उजेड दुधाळ होऊन आरपार आला आणि पृष्ठभाग मेणासारखा गुळगुळीत दिसला, तर कॅल्सेडनी. त्यात रंगांचे पट्टे असतील तर अकीक. कड अपारदर्शक आणि रंग लोहामुळे तांबडा वा पिवळा असेल तर जास्पर, बाकीचा बहुतेक चर्ट. हे दगड फोडले की शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे वक्र, लाटालाटांचे तुकडे उडतात आणि कड काचेसारखी धारदार निघते. म्हणूनच घोड नदीकाठच्या इनामगावात, तांबे माहीत असलेल्या शेतकऱ्यांनीही रोजच्या कापाकापीला कॅल्सेडनीची पाती वापरली.

कठीणपणाची परीक्षाही उपयोगी पडते. पोलादी चाकूचा ओरखडा सिलिकावर उठत नाही, चुनखडीवर सहज उठतो. पण ही परीक्षा हत्यारावर कधीही करू नये, त्याच पात्रातल्या तशाच साध्या गोट्यावर करावी. अगदी खात्री हवी असेल तर प्रयोगशाळेत दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली खनिजे तपासतात. त्यासाठीही निरुपयोगी छिलकाच निवडतात.

एवढा खटाटोप कशासाठी? दगडाची जात कळली की माणसाची वाट कळते. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे सापडलेले हत्यार क्वार्टझाइटचे होते. कर्नाटकात इसामपूरला डॉ. के. पद्दय्या यांनी उजेडात आणलेल्या जागी माणसे सिलिकायुक्त चुनखडीच्या लाद्यांजवळच बसून हत्यारे घडवत होती. तिथे खाण आणि कारखाना एकच होता. जवळपास न मिळणाऱ्या दगडाचे हत्यार सापडले, तर कुणीतरी तो दगड मुद्दाम दुरून आणला का, असा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर हत्यार आणि त्याची जागा दोन्ही मिळूनच देतात.

म्हणून वाचकांना एक विनंती. नदीकाठी असा दगड दिसला तर घरी आणू नका. जागेवरच त्याचे छायाचित्र घ्या, ठिकाण टिपा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. जागेवरून उचललेले हत्यार आपली अर्धी गोष्ट तिथेच सोडून येते.