मांस फिकट का पडतं?

माथेरानला दस्तुरीच्या पुढे मोटार जात नाही, ओझं घोडा वाहतो. चढावर त्याच्या स्नायूंतलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) खर्च होतं. डुकराच्या स्नायूंतही हाच साठा असतो. कत्तलीनंतर प्राणवायू थांबतो आणि या साठ्याचं लॅक्टिक आम्ल होतं. आम्ल म्हणजे बिघाड, असा अनेकांचा समज आहे. खरं तर सामू (आम्लतेचं माप) ७ च्या आसपासपासून हळूहळू ५.६ पर्यंत उतरला, तरच मांस चांगलं टिकतं.

प्रश्न वेगाचा आहे. कोमट दुधाला विरजण लावलं की दही लागतं. उकळत्या दुधात लिंबू पिळलं की ते फाटतं. तसंच, कत्तलीच्या ऐनवेळी मारहाण केलेल्या, घाबरवलेल्या डुकराचं अंग गरम असतानाच आम्ल भराभर वाढतं, म्हणून मांस फिकट, लिबलिबीत होतं, पाणी सोडतं. ते शिळं नसतं.

लांबच्या प्रवासाने थकलेल्या जनावराचं उलट होतं. साखर आधीच संपलेली, म्हणून आम्ल कमी. मांस गडद, कोरडं आणि लवकर नासणारं. बोकडाचंही तेच. २००१ च्या केंद्रीय कत्तलखाना नियमांत जनावराला तपासणीनंतर, कत्तलीआधी २४ तास विश्रांती सांगितली आहे. मुक्या जनावराचा तेवढा हक्क मला फार मोलाचा वाटतो.