गावच्या नळाचीही वही हवी

उसाच्या प्लॉटची नोंद आपण ठेवतो. लागण कधीची, जात कोणती, टनेज किती, खोडवा कितवा. ४ वर्षांचे आकडे समोर असले की कोणता खोडवा मोडायचा हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पण घरी पिण्याचे पाणी आणणारा पाइप जमिनीत केव्हा गाडला, हे गावात विचारून पाहा. "वडलांच्या वेळचा असंल," एवढेच उत्तर मिळते.

मागील उन्हाळ्यात आमच्या गटातील एका गावी वेशीजवळची लाइन महिन्यात दोनदा फुटली. ग्रामसभा तापली. वेशीकडची लाइन बदला, असा सगळ्यांचा हेका. पैसा एकाच तुकड्यापुरता होता. सुदैवाने पाणी सोडणाऱ्या मामांनी दुरुस्तीच्या १२ वर्षांच्या पावत्या तारेला ओवून ठेवल्या होत्या. त्या आम्ही सालवार लावल्या. वेशीतली लाइन पूर्वी एकदाही फुटलेली नव्हती. उसाच्या ट्रॉल्या तिथून वळू लागल्या, माती दबली, एवढेच. खरे दुखणे ओढ्याकडच्या वस्तीत होते. तिथला लोखंडी पाइप वयाने धाकटा, पण आधी दोन-तीन वर्षांतून एकदा, अलीकडे वर्षातून तीनदा गळणारा. कारण आपल्या ओळखीचे, क्षारपड जमीन. जादा पाण्याने रान खारावते, ऊस पिवळा पडतो, तोच खार जीआय पाइपही खातो. काळ्या भारी जमिनीची तऱ्हा निराळी. उन्हाळ्यात भेगा, पावसात माती फुगते, आणि सिमेंट पाइपाचे सांधे हलतात.

शेवटी पैसा ओढ्याकडे वळला. वेशीत पाइप नुसता खोल पुरला.

गळती म्हणजे पाणी वाया, एवढ्यावर भागत नाही. आपल्याकडे नळ येतो तास-दोन तास. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो आणि त्याच भोकातून गटारीचे पाणी आत ओढले जाते. कावीळ, हगवण अशीच घरात शिरते.

वहीत तारीख, कोणाच्या घरासमोर, पाइप कशाचा, किती इंची, किती खोल, माती कसली, पाइप फुटला की सांधा, एवढे लिहिले तरी पुष्कळ. शिवाय महिन्यातून एका रात्री घरोघरचे नळ बंद ठेवून, व्हॉल्व्ह मात्र उघडा ठेवून, टाकीत काठी बुडवावी. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद टाकी सकाळपर्यंत ५ सेंटीमीटर उतरली, तर १,००० लिटर पाणी जमिनीत गेले. जलजीवन मिशनचे माप माणशी रोज ५५ लिटर. म्हणजे १८ माणसांचे पाणी.

२०१९ नंतर या योजनेतून अनेक गावांत नवे पाइप पडले. त्यांची वही आतापासून सुरू करता येईल. जुन्यांची आठवणीवरच भरावी लागणार. ते मामा यंदा निवृत्त होताहेत, आणि ओढ्याखालून लाइन नेमकी कुठून गेली हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. गाळप सुरू होण्यापूर्वी आम्ही आणि गटाचा चिटबॉय वही घेऊन त्यांच्याबरोबर गाव फिरणार आहोत.