क्षमता निम्मी, वीज नव्हे

२०२५च्या मध्याला भारताच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेत सौर, पवन, जल, अणू अशा बिगर-जीवाश्म स्रोतांचा मिळून निम्मा वाटा झाला. अभिमान वाटावा अशीच ही मजल आहे. पण त्यावरून ‘आता आपली निम्मी वीज स्वच्छ’ असं सर्रास बोललं जातं, ते चूक. क्षमता मोजतात किलोवॉटमध्ये, वीज युनिटमध्ये. एक किलोवॉटचा संच अखंड चालला तर दिवसाला २४ युनिट देईल. आपल्याकडच्या गच्चीवरचे तेवढेच सौर पॅनल सरासरी चारेक युनिट देतात. म्हणूनच प्रत्यक्ष विजेत कोळशाचा वाटा अजून ७० टक्क्यांच्या आगेमागे आहे.

‘मग इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन काय उपयोग? धूर इथे नाही तर चंद्रपूरला निघणारच!’ हिशेब करून पाहू. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरला ४५ किलोमीटर धरले, तर किलोमीटरमागे ५० ग्रॅम. इलेक्ट्रिक स्कूटर एका युनिटमध्ये तीसेक किलोमीटर जाते आणि आजच्या आपल्या विजेच्या एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम उत्सर्जन होतं. म्हणजे किलोमीटरमागे २३-२४ ग्रॅम. तारांमधली गळती धरली तरी जवळपास निम्मंच. बॅटरी बनवतानाचा कार्बन फिटायला काही हजार किलोमीटर लागतात, हेही खरं. पण वीज सुधारेल तशी हीच स्कूटर आणखी स्वच्छ होत जाईल. पेट्रोलच्या गाडीचं तसं होत नाही.

जितका उन्हाळा कडक तितकी सौरवीज जास्त, हाही भ्रमच. पॅनलला प्रकाश हवा असतो. तापला की त्याची वीज घटते.

खरी अडचण दिवेलागणीनंतरची, ऊन नसताना विजेची मागणी असते तेव्हाची. त्यावर एक उपाय वीज साठवण्याचा. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघरला २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे. वरच्या धरणातलं पाणी कोकणाच्या बाजूला सोडून वीज करायची आणि मागणी कमी असताना तेच पाणी पंपानं पुन्हा वर चढवायचं. चढवायला लागणारी वीज मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्त असते, म्हणून काहीजण याला तोट्याचा धंदा म्हणतात. मला ते पटत नाही. दुपारी सौरवीज उतू जात असते आणि संध्याकाळी टंचाई असते. अशा वेळी चार युनिट घालून संध्याकाळी तीन मिळाले तरी तेवढा कोळसा वाचतो.

दुसरा उपाय मागणीच दिवसा आणण्याचा. राज्यात २०१७ साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना हेच करते: उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प आणि त्यातून शेतीपंपांना दिवसा वीज. सापा-बिबट्याच्या भीतीत रात्री दारं धरायला जाणं टळतं, ही मोठीच गोष्ट. पण याकडे निव्वळ शेतकऱ्यांची सोय म्हणून पाहणं अपुरं आहे. पंप दिवसा चालले की रात्रीची मागणी तेवढी उतरते आणि ती भागवायला औष्णिक केंद्रात जाळावा लागणारा कोळसाही.